पहिली रायफल कुणाच्या हाती?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या तरुणांच्या बोलण्यात हल्ली एक प्रश्न येऊ लागला आहे. आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही, पण आता घ्यायची आहे. तर पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घ्यावी? हा प्रश्न ऐकला की आपल्याकडच्या काही शहाण्यासुरत्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. बुद्धाच्या लेकरांनी बंदुकीचे नाव काढावे काय, असे ते विचारतात. ज्यांच्या देव्हाऱ्यातील बहुतेक देवांच्या हाती शस्त्र आहे त्यांनी हा उपदेश करावा, हा तर विनोदच! (एक विठ्ठल तेवढा कमरेवर हात ठेवून उभा आहे, आणि तो मूळचा बुद्धच, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते.) पण आपल्यातलेही काही जण तसेच म्हणतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर टाळाटाळ न करता दिले पाहिजे.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले आणि जे मंडळाने होऊ दिले नाही, त्यात त्यांनी एक रोकडा सवाल केला आहे. इतका अन्याय होऊनही या देशात सामाजिक क्रांती का झाली नाही? त्यांचे उत्तर असे की, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना हत्यार बाळगूच दिले नाही. विद्या नाही, हत्यार नाही. मग बंड करायचे कशाने? त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले की, आता संविधानाचा मार्ग खुला झाला आहे, रक्तपाताचा मार्ग सोडला पाहिजे. ही दोन्ही वचने एकत्र वाचली पाहिजेत. एक धरून दुसरे सोडणारे लोक दोन्ही बाजूंना आहेत. हत्यार बाळगण्याचा हक्क नाकारला जाणे ही गुलामीची खूण आहे, आणि हत्याराने प्रश्न सोडवायला निघणे हा आपला मार्ग नाही. अमेरिकेतल्या आपल्या तरुणाने दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी हे दोन्ही ध्यानात ठेवावे.

आता ज्या देशात तो रायफल घेणार आहे त्या देशाकडे पाहू. अमेरिकेच्या संविधानातील दुसऱ्या दुरुस्तीने नागरिकांना शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे, असे तिथला दुकानदारही छाती ठोकून सांगतो. पण कोणत्या नागरिकाला? १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सरन्यायाधीश टेनी यांनी काळ्या माणसाला नागरिक मानायला नकार दिला. त्याची जी कारणे त्यांनी दिली त्यातले एक असे, की नागरिक मानले तर हे लोक जातील तिथे शस्त्र घेऊन जाऊ शकतील! गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ साली, मिसिसिपी राज्याने कायदा केला की मुक्त झालेल्या काळ्या माणसाने परवान्याशिवाय बंदूक बाळगू नये. आपल्याकडे १८७८ साली लॉर्ड लिटनने हत्यार कायदा आणला. त्यातून युरोपियनांना सूट होती, बंधन होते ते या देशातल्या माणसाला. तिकडे वर्ण कातडीचा, इकडे जन्माचा. कायद्याची भाषा मात्र सख्ख्या भावंडांसारखी.

१९५६ च्या जानेवारीत माँटगोमेरी येथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने तेव्हा पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, ही गोष्ट आपल्याकडचे गांधीवादी सांगत नाहीत. अर्ज फेटाळला गेला. पुढे किंग यांनी स्वतःहून शस्त्राचा मार्ग सोडला, तो भाग वेगळा. पण ज्याचे घर उडवले गेले त्यालाच परवाना नाही, हे तिथल्या राज्यकर्त्यांनी ठरवलेच होते.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचा आणि काळ्या चळवळीचा संबंध त्याच काळात आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एम-१ कार्बाइन नावाची हलकी रायफल लाखोंनी बनवली. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, आणि पुढची गोळी बंदूक आपणच नळीत भरते, तीच सेमी-ऑटोमॅटिक. आपल्या महार रेजिमेंटमधल्या जुन्या पेन्शनरांना हे समजवावे लागणार नाही. ‘एसएलआर’ म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल त्यांनी वर्षानुवर्षे खांद्यावर वागवली आहे, जात तीच. युद्ध संपल्यावर या कार्बाइन बाजारात स्वस्तात आल्या. लुइझियाना राज्यातील जोन्सबरो या गावी १९६४ साली काळ्या कामगारांनी ‘डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस’ ही संघटना काढली. त्यातले अनेक जण महायुद्धात किंवा कोरियात लढून आलेले होते. पुढच्या वर्षी बोगालुसा येथेही शाखा निघाली. क्लू क्लक्स क्लानचे लोक रात्री गाड्या घेऊन काळ्यांच्या वस्तीत गोळीबार करीत. डीकन्स रात्रपाळीने पहारा देऊ लागले, मतनोंदणीसाठी आलेल्या कार्यकर्त्यांना सोबत करू लागले. ते कुणावर चाल करून गेले नाहीत. गोऱ्या गुंडांना एवढे कळले की आता या वस्तीतून उलट गोळी येऊ शकते. १९६४ सालीच माल्कम एक्स यांचा खिडकीशी कार्बाइन घेऊन उभा असलेला फोटो ‘एबनी’ मासिकात आला आणि तो जगभर गेला. आपल्याकडच्या काही तरुणांनी तो फोटो भिंतीवर लावला आहे. फोटो जरूर लावा. पण डीकन्सची शिस्तही वाचा.

नॉर्थ कॅरोलिनातील मन्रो येथे रॉबर्ट विल्यम्स यांनी त्याआधीच हे केले होते. ते नौदलाच्या मरीन दलातून आलेले. त्यांनी गावातल्या काळ्या माणसांचा नेमबाजी क्लब काढला आणि त्याला चक्क नॅशनल रायफल असोसिएशनची मान्यता घेतली. १९५७ साली क्लानने एका काळ्या डॉक्टरच्या घरावर हल्ला केला, तेव्हा या क्लबाच्या माणसांनी तो परतवला. ते आधी नेम धरायला शिकले होते, कागदपत्रे करून संघटित झाले होते. विल्यम्स यांच्या हाती नुसती बंदूक नव्हती, हे इथे महत्त्वाचे.

मग १९६६ साली ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर काढली. हिच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. कॅलिफोर्नियात त्या वेळी भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरणे कायदेशीर होते. पँथर्स बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांच्या मागे फिरू लागले, काळ्या माणसाला पोलीस कसे वागवतात ते पाहू लागले. लगेच विधिमंडळात मलफर्ड विधेयक आले. २ मे १९६७ रोजी पँथर्स बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले, आणि त्याच उन्हाळ्यात गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्या कायद्यावर सही केली. भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यास बंदी! नॅशनल रायफल असोसिएशनने या बंदीला पाठिंबा दिला. आज बंदुकीच्या एका स्क्रूवर जरी निर्बंध आला तरी आकाशपाताळ एक करणारी हीच ती संघटना! हक्क तोच, संविधान तेच. हात बदलला की कायदा बदलतो.

हे सगळे जुने झाले, असे कुणी म्हणेल. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल नावाच्या काळ्या तरुणाची गाडी पोलिसाने अडवली. त्याच्याजवळ परवान्याचे पिस्तूल होते. त्याने तसे आपणहून सांगितले आणि पोलिसाने त्याला गाडीतच गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. परवाना होता, प्रामाणिकपणा होता, तरी जीव गेला. दुसऱ्या बाजूला १४ मे २०२२ रोजी बफेलो शहरात एका १८ वर्षांच्या गोऱ्या मुलाने काळ्यांच्या वस्तीतील किराणा बाजारात १० काळ्या माणसांना ठार मारले. हातात होती एआर-१५ जातीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल, दुकानातून कायदेशीर विकत घेतलेली. एकाला परवाना वाचवू शकला नाही आणि दुसऱ्याला दुकानदाराने अडवले नाही. आपला सावळा तरुण यातल्या कोणत्या रांगेत उभा आहे, हे त्याने स्वतःला विचारावे. २०१७ साली कॅन्ससमधील ओलाथे येथे श्रीनिवास कुचिभोटला या भारतीय अभियंत्याला गोळी घालणाऱ्याने त्याची जात विचारली नव्हती. तिकडे ब्राह्मणही सावळाच ठरतो.

म्हणून पहिली गोष्ट रायफलीची नव्हे, कागदाची. आपली पुष्कळ मुले एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. वैध शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. बाळगणे म्हणजे फक्त मालकी नव्हे. मित्राने रेंजवर हातात दिली आणि आपण धरली, तरी ते बाळगणे ठरू शकते. फोटो काढून मित्रांना पाठवला तर पुरावाही आपणच दिला! या गुन्ह्याने नोकरी तर जातेच, देशाबाहेर जाण्याचीही वेळ येते. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, त्यावर खोटे लिहिणे हा मोठा गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्या मित्राने आपल्या नावावर घेऊन द्यायची, हा आपल्याकडचा जुगाड तर तिथे मुळीच करू नये. २०२२ पासून त्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय राज्याराज्यांचे कायदे निराळे. टेक्सासात जे सहज मिळते ते न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात किंवा इलिनॉयमध्ये मिळेलच असे नाही. कुठे आधी ओळखपत्र काढावे लागते, कुठे मॅगझीनमध्ये १० च गोळ्या चालतात, कुठे एआर-१५ वरच बंदी आहे आणि तिच्यावर खटले चालू आहेत. राहत्या राज्याचा कायदा वाचल्याशिवाय पाकीट उघडू नये. बॅरिस्टरच्या अनुयायांना हे वेगळे सांगायला नको.

कागद पक्का असेल तर मग रायफल. दुकानात शिरल्याबरोबर भिंतीवर काळ्याकभिन्न एआर-१५ टांगलेल्या दिसतात आणि नवखा माणूस तिथेच भुलतो. एआर म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे. आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावावरून ती अक्षरे आली. दुकानात मिळते ती मशीनगनही नव्हे. चाप ओढावा तेव्हा एकच गोळी. तिच्यात वाईट काही नाही, असे नेमबाज सांगतील आणि ते खरेही आहे. धक्का कमी, दस्ता मागेपुढे सरकवता येतो म्हणून लहान चणीच्या स्त्रीलाही बसते, सुटे भाग कुठेही मिळतात. पण पहिली रायफल म्हणून माझे मत तिच्या बाजूने नाही. नवख्याला त्या वेळी गरज असते ती हजारो गोळ्या शांतपणे झाडण्याची, आणि एआरची काडतुसे पॉइंट टू-टूच्या कितीतरी पट महाग पडतात. शिवाय ही रायफल तिकडे राजकारणाची खूण झाली आहे. ती घेणारे पुष्कळ जण नेमबाजी शिकायला घेत नाहीत, मिरवायला घेतात. आपण कुणाच्या मिरवणुकीत सामील होणार?

पॉइंट टू-टू (.२२) बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यावी. रूगर कंपनीची १०/२२ ही १९६४ पासून बनते आहे. वजनाला सुमारे सव्वादोन किलो, धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, १० गोळ्यांचे मॅगझीन रायफलीच्या पोटातच बसते, त्यामुळे कडक राज्यांतही सहसा अडचण येत नाही. किंमत तीन-चारशे डॉलरच्या घरात. मार्लिन मॉडेल ६० ही जुनी सेकंडहँड मिळाली तरी वाईट नाही. कॉलेजात एनसीसी केलेल्या आपल्या मुलामुलींनी पॉइंट टू-टू रायफल झाडलेली असते. ती बोल्टची, ही आपोआप भरणारी, एवढाच फरक.

पण हाच फरक नवख्याचा घात करतो. बोल्ट रायफलीत दर गोळीमागे हात चालवावा लागतो, त्यामुळे डोके जागे राहते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एक गोळी सुटली की दुसरी नळीत येऊन बसलेलीच असते. मॅगझीन काढले म्हणजे बंदूक रिकामी झाली, असे नवख्याला वाटते. ती रिकामी नसते! नळीत एक गोळी शिल्लक असते, आणि ‘रिकाम्या’ बंदुकीनेच घरातली माणसे मेली आहेत. आधी मॅगझीन काढायचे, मग बोल्ट मागे ओढून धरायचा, नळीच्या तोंडाशी डोळ्याने पाहायचे आणि बोटानेही चाचपायचे. रोज, प्रत्येक वेळी, दुसऱ्याने तपासून दिली असली तरीही. सुरुवातीचे काही दिवस मॅगझीनमध्ये एकच गोळी भरावी. त्याने दोन गोष्टी साधतात. भराभर चाप ओढण्याची खोड लागत नाही, आणि चूक झालीच तर एका गोळीवर थांबते. नळी कुणाकडे रोखायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही, निशाणाच्या मागे काय आहे ते आधी पाहायचे. पॉइंट टू-टूची चिमुकली गोळीही मैलभराहून लांब जाते. तिकडची घरे लाकडी सांगाड्याची आणि जिप्समच्या पत्र्यांची. गोळी एका खोलीतून सुटली की शेजारच्याच्या पाळण्यापर्यंत जाऊ शकते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने ‘घराच्या रक्षणासाठी’ रायफल घेताना याचा विचार करावा. शिकवणारा मिळाल्याशिवाय तर घेऊच नये. २०१५ साली स्थापन झालेल्या नॅशनल आफ्रिकन अमेरिकन गन असोसिएशनचे क्लब अनेक राज्यांत आहेत. आपल्या माणसाने गोऱ्या मैदानावर पाहुणा म्हणून जाण्यापेक्षा तिकडे चौकशी करावी, असे मी म्हणेन.

आणि एक गोष्ट कडू असली तरी लिहिली पाहिजे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. परदेशात एकटा पडलेला, नोकरी जाण्याच्या टांगणीला लागलेला, जातीची ओळख लपवून ऑफिसात वावरणारा आपला मुलगा रात्री कोणत्या मनःस्थितीत असतो, हे त्याच्या आईबापांना फोनवर कळत नाही. ज्या घरात असे मन आहे, किंवा दारू आहे, किंवा बायकोवर हात उगारण्याची सवय आहे, त्या घरात कसलीही रायफल येता कामा नये. ज्याच्यावर घरातल्या छळासाठी न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे त्याला बंदूक बाळगता येत नाही. २०२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. बाकीच्यांनी लोखंडी कपाटात, कुलपात, गोळ्या वेगळ्या ठेवून रायफल ठेवावी. चाव्या मुलांना सापडणाऱ्या डब्यात नकोत.

आता आपल्या देशाकडे वळू, कारण अमेरिकेतल्या मुलाचा हा प्रश्न इथल्या खेड्यातल्या त्याच्या भावाला पडूच दिला जात नाही. भारतात सेमी-ऑटोमॅटिक रायफल निषिद्ध वर्गात मोडते. सर्वसामान्य माणसाला तिचा परवाना मिळत नाही. ते योग्यच आहे. पण साध्या बंदुकीचे परवाने मिळतात, आणि गावात ते कुणाच्या घरी आहेत हे सांगायला सर्वेक्षण नको. पाटलाच्या, जमीनदाराच्या, पुढाऱ्याच्या भिंतीवर बंदूक लटकते. १ डिसेंबर १९९७ रोजी बिहारच्या लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने ५८ दलितांना गोळ्या घातल्या. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने सगळ्या आरोपींना सोडून दिले. या ५८ जणांच्या मारेकऱ्यांना बंदूक कुठली घ्यावी हा प्रश्न पडला नव्हता. दर विजयादशमीला नागपुरात एकीकडे शस्त्रपूजा होते आणि दुसरीकडे दीक्षाभूमीवर लाखो लोक हातात काहीही न घेता येतात आणि पुस्तके विकत घेऊन जातात. कायदा-सुव्यवस्थेच्या नावाने बंदोबस्त मात्र दीक्षाभूमीभोवतीही लावला जातो!

ज्या समाजाच्या पूर्वजांना भीमा कोरेगावला १८१८ साली बंदूक चालवता येत होती, त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जात’ नाही म्हणून सैन्यभरतीतून वगळले गेले. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळ्यांनी केले, आणि अखेर १९४१ साली बाबासाहेबांच्या खटपटीने बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. देशासाठी मशीनगन चालवायला आपण लायक ठरलो. मात्र तोच जवान निवृत्त होऊन गावी आला की त्याच्या परवान्याच्या अर्जाची चौकशी पोलीस ठाण्यात धूळ खाते.

यावर कायद्यात काहीच नाही असे समजू नका. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील तिसरा नियम काढून वाचा. जिथे अत्याचार होण्याची शक्यता आहे असे क्षेत्र शासनाने निश्चित करायचे आहे. तिथल्या सवर्णांचे, त्यांच्या नातलगांचे आणि नोकरांचे शस्त्रपरवाने आवश्यक वाटल्यास रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करायची आहेत. बेकायदा बंदुका जप्त करायच्या आहेत. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जीवित-वित्ताच्या रक्षणासाठी परवाने द्यायचे आहेत. बंदुका वाटा, असे मी म्हणत नाही. गावात दोन्हीकडे बंदुका झाल्या तर मरणारे कोण, हे मला कळते. त्या नियमाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे हत्यारे काढून घेण्याचा, त्याचीच अंमलबजावणी आधी मागितली पाहिजे. ते झाले तर दुसऱ्या अर्ध्या भागाची गरज पुष्कळ ठिकाणी उरणार नाही.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व सनियंत्रण समिती आहे, आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. समितीवर आपले प्रतिनिधी असतात, सत्कारातही दिसतात. येत्या बैठकीत त्यांनी तीन आकडे लेखी मागावेत : निश्चित केलेल्या गावांत आजवर किती परवाने रद्द झाले, किती हत्यारे जमा झाली, आणि आपल्या लोकांचे किती अर्ज आले व किती मंजूर झाले. प्रतिनिधी मागणार नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज कुणीही करू शकतो. त्याला दहा रुपये लागतात.